शंखपुष्पी, फेनिटोइन आणि रक्तातील पातळी : अपस्मारावरील औषधांच्या आंतरक्रियेचा इतिहास

प्रस्तावना

सन १९९२ मध्ये 'जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी' या नियतकालिकात मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. यू. पी. दांडेकर, एस. एस. दळवी, नीलिमा क्षीरसागर आदींच्या नावे असलेल्या या निबंधाचे मूळ दोन रुग्णांत होते. अपस्मारासाठी फेनिटोइन घेणाऱ्या या दोघांचे आटोक्यात असलेले झटके अनपेक्षितपणे पुन्हा सुरू झाले. रक्त तपासले तेव्हा फेनिटोइनची पातळी घटलेली आढळली. दोघेही फेनिटोइनच्या जोडीला शंखपुष्पी हे आयुर्वेदिक पातळ औषध घेत होते.

निबंधाची पाने मोजकी असली, तरी महाराष्ट्रातील औषधव्यवहाराच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एकाच घरात, एकाच फळीवर दोन वैद्यकपद्धतींच्या बाटल्या शेजारी शेजारी नांदतात हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक होते. ती दोन औषधे एकाच रक्तात उतरल्यावर एकमेकांशी कशी वागतात, हे मोजून पाहण्याचे काम मात्र तोवर क्वचितच झाले होते.

अपस्मारावरील औषधांच्या आंतरक्रियांचे ज्ञान कसकसे साचत गेले, याचा मागोवा येथे घेतला आहे. हा मागोवा घेताना नजर दौंड तालुक्यातील कुरकुंभ या गावावर ठेवली आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरील, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवरचे हे गाव फिरंगाई देवीच्या स्थानासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते व आहे. परंतु बाहेरच्या जगाला ते आज औद्योगिक वसाहतीमुळे अधिक परिचित आहे. सिप्ला, एमक्युअर यांसारख्या औषधनिर्मात्यांचे कारखाने तेथे आहेत. जेथे औषध निर्माण होते त्या गावातील रुग्णालाही आपल्या शरीरात ते किती काळ टिकते हे कळण्याचा मार्ग जवळ नसतो. या विसंगतीमुळेच हे गाव निवडले.

निष्कासन म्हणजे काय

ठराविक वेळात शरीर रक्ताचा किती भाग औषधापासून मोकळा करते, त्या मापाला निष्कासन म्हणतात. काही औषधे मूत्रपिंडावाटे जशीच्या तशी बाहेर पडतात. अपस्मारावरील बहुतेक जुनी औषधे मात्र आधी यकृतात मोडली जातात आणि हे काम विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. दुसरे औषध या कामात दोन प्रकारे ढवळाढवळ करू शकते. ते विकरांना अडवून धरते, तेव्हा पहिल्या औषधाची पातळी चढते आणि हा परिणाम काही दिवसांतच दिसू लागतो. किंवा ते यकृताला अधिक विकरे निर्माण करण्यास भाग पाडते, तेव्हा पातळी उतरते. नवी विकरे तयार होण्यास अवधी लागत असल्याने हा परिणाम उघड होण्यास दोन-तीन आठवडेही जातात. या विलंबामुळेच रुग्णाला, आणि पुष्कळदा डॉक्टरलाही, कारण व कार्य यांचा संबंध लागत नाही.

फेनिटोइनची गोष्ट त्यातही निराळी आहे. दौंड तालुक्यातील वाचकास साखर कारखान्याच्या उपमेने ती सहज उमजेल. कारखान्याची दैनंदिन गाळप क्षमता ठरलेली असते. तेवढा ऊस येतो तोवर गाड्या आल्या तशा रिकाम्या होतात. क्षमतेपेक्षा थोडाच जास्त ऊस येऊ लागला, तरी गाडीतळावर रांग लागते आणि ती दररोज लांबत जाते. बहुतेक औषधांच्या बाबतीत यकृताची क्षमता रोजच्या मात्रेहून कितीतरी मोठी असते. फेनिटोइन मात्र क्षमतेच्या अगदी काठावर दिले जाते. म्हणून दिवसाची मात्रा ३०० मिलिग्रॅमवरून ४०० मिलिग्रॅम केली, तर रक्तातील पातळी एक तृतीयांशाने न वाढता दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. उपयुक्त पातळीचा पट्टा तर दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम इतका अरुंद मानला जातो. असे औषध दुसऱ्या औषधाच्या लहानशा धक्क्यानेही पट्ट्याबाहेर फेकले जाते.

ब्रोमाइडपासून फेनिटोइनपर्यंत

अपस्मारावरील पहिले परिणामकारक रासायनिक औषध म्हणजे ब्रोमाइड. लंडनचे चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये त्याचा उल्लेख केला आणि पुढील अर्धशतक त्याचेच राज्य होते. ब्रोमाइड मूत्रपिंडावाटे अतिशय मंदगतीने बाहेर पडते; शरीरातील निम्मे ब्रोमाइड जाण्यास सुमारे १२ दिवस लागतात. मूत्रपिंडाला ब्रोमाइड आणि मिठातील क्लोराइड यांत फारसा भेद करता येत नाही. मीठ जास्त खाल्ले की ब्रोमाइड लवकर निघून जाते, कमी खाल्ले की साचते. १८९९ मध्ये फ्रान्समध्ये तूलूज व रिशे यांनी याचाच उपयोग करून ब्रोमाइडबरोबर अळणी आहार देण्याची पद्धत सुचविली. अपस्मारावरील औषधाच्या निष्कासनावर दुसऱ्या पदार्थाने होणारा परिणाम हेतुपुरस्सर वापरल्याचे हे बहुधा सर्वांत जुने उदाहरण असावे. आजारपणात मीठ सोडण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. ब्रोमाइडच्या काळात अशा अळणी पथ्यावरील रुग्णाला तेच औषध किती चढत असेल, याचा विचार आज मनात आल्यावाचून राहत नाही.

१९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमन यांनी जर्मनीत फिनोबार्बिटोनचा गुण दाखविला. १९३८ मध्ये बोस्टन येथे ह्यूस्टन मेरिट व ट्रेसी पटनम यांनी फेनिटोइन पुढे आणले. त्यानंतर सुमारे दोन दशके ही दोन औषधे सर्रास एकत्र दिली गेली. रक्तात ती किती असतात हे मात्र नित्याच्या उपचारात कोणी पाहत नव्हते. १९६० च्या सुमारास डेन्मार्कमधील फ्रिट्स बुक्थाल यांनी फेनिटोइनची रक्तपातळी व झटक्यांचे नियंत्रण यांची सांगड घातली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कचे हान्स कुट व सहकाऱ्यांनी विषारी परिणामांची पायरी दाखविली. पातळी २० च्या पुढे गेली की डोळ्यांची बुबुळे थरथरतात, ३० च्या पुढे चाल डळमळते आणि ४० च्या पुढे रुग्ण सुस्त व गोंधळलेला होतो. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, कुसिनेल, कॉनी आदींनी फिनोबार्बिटोनमुळे मानवी रक्तातील फेनिटोइनची व रक्त पातळ करणाऱ्या डायकुमारॉलची पातळी उतरते असे मोजून दाखविले. फेनिटोइनच्या बाबतीत हा परिणाम रुग्णागणिक बदलतो असे पुढे दिसून आले, कारण फिनोबार्बिटोन विकरे वाढवतेही आणि त्यांच्यापुढे रांगेत स्वतःही उभे राहते. तथापि 'दोन औषधे म्हणजे दोन औषधांची बेरीज' हे गृहीत त्या निबंधानंतर टिकले नाही.

व्हॅल्प्रोएटचे उदाहरण बोधक आहे. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये हे औषध पुढे आले. फिनोबार्बिटोनच्या जोडीला ते दिले असता रुग्ण झोपाळू होत, आणि दोष व्हॅल्प्रोएटला दिला जाई. रक्त मोजल्यावर कळले की झोप व्हॅल्प्रोएटची नव्हतीच. त्याने फिनोबार्बिटोनचे मोडणे अडविले होते आणि चढलेले फिनोबार्बिटोन रुग्णाला झोपवीत होते. कार्बामाझेपिनने तर आणखी एक तऱ्हा दाखविली. ते स्वतःच्याच निष्कासनाचा वेग वाढवते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात गुण देणारी मात्रा महिन्याभराने अपुरी पडते. याच औषधाबरोबर खोकल्या-तापासाठी एरिथ्रोमायसिन दिले, तर दोन-तीन दिवसांत चक्कर, दुहेरी दिसणे, उलट्या सुरू होऊ शकतात. गावच्या दवाखान्यात ही जोडी जुळणे अजिबात दुर्मिळ नाही.

क्षयाची गोळी

आपल्या देशाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण क्षयरोगाचे आहे. आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आले. १९६० च्या दशकाच्या आरंभी असे दिसू लागले की फेनिटोइन घेणाऱ्या ज्या रुग्णांना आयसोनियाझिड दिले जाई, त्यांपैकी काहींची चाल डळमळू लागे. फेनिटोइनची मात्रा तीच, तरी लक्षणे विषबाधेची. कुट यांनी १९६६ ते १९७० या काळात याचा उलगडा केला. आयसोनियाझिड फेनिटोइनचे मोडणे अडवते, परंतु सर्वांत सारखे नाही. ज्यांचे यकृत आयसोनियाझिड सावकाश निष्प्रभ करते, त्यांच्यात ते साचते आणि त्यांनाच फेनिटोइन चढते. ही मंदगती आनुवंशिक असते. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्रात आयसोनियाझिडच्या या भेदावर पुष्कळ काम झाले, आणि भारतीय लोकसंख्येत निम्म्याहून अधिक माणसे या मंदगती गटात मोडतात असे निष्पन्न झाले. म्हणजे जे अमेरिकेतील रुग्णालयात अपवाद म्हणून नोंदले गेले, ते आपल्याकडे अधिक जणांच्या वाट्याला येणारे होते.

पुढे रिफाम्पिसिन आले आणि चित्र उलटले. रिफाम्पिसिन हे विकरे वाढविणाऱ्या औषधांत अतिशय प्रबळ गणले जाते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत त्याने फेनिटोइनचे निष्कासन सुमारे दुप्पट केल्याचे आढळले. कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट व लॅमोट्रिजिन यांच्याही पातळ्या त्याने उतरतात. क्षयाच्या उपचारात आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन एकत्र असतात. एक अडवते, दुसरे पळवते. एखाद्या विशिष्ट रुग्णात कोणाची सरशी होईल हे आधी सांगणे कठीण असते.

क्षय मेंदूत गाठ धरून झटक्यांचे कारण होतो, तेव्हा दोन्ही औषधे एकाच आजारासाठी, एकाच चिठ्ठीवर लिहिली जातात. निदान त्या वेळी लिहिणारा डॉक्टर तरी एकच असतो. खरी अडचण वेगळीकडे आहे. जुना अपस्मार असलेल्या माणसाला फुप्फुसाचा क्षय होतो, तेव्हा फिटची गोळी एका ठिकाणची आणि क्षयाची दुसऱ्या ठिकाणची असते. देशाच्या क्षयरोग कार्यक्रमात आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत होती. २०१७ मध्ये दररोजची, वजनानुसार ठरलेली संयुक्त गोळी सुरू झाली. रिफाम्पिसिन रोज पोटात जाऊ लागले की विकरांचा जोर सहा महिने अखंड राहतो. या काळात झटके वाढले म्हणून फिटच्या गोळीची मात्रा वाढविली जाते. सहा महिन्यांनी क्षय बरा होतो, घरात आनंद होतो, रिफाम्पिसिन थांबते. पुढील दोन-तीन आठवड्यांत विकरे पूर्ववत होतात आणि वाढविलेली मात्रा तशीच राहिली असेल, तर रुग्ण झोकांड्या खाऊ लागतो. त्याला कोणी दारू प्यायला म्हटले, तर त्यात नवल नाही.

के. ई. एम. मधील निरीक्षण

आता मूळ निबंधाकडे वळू. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत के. ई. एम. रुग्णालयात औषधांची रक्तपातळी मोजून उपचार ठरविण्याची सोय उभी राहिली होती. दोन रुग्णांच्या रक्तातील घट दिसली ती या सोयीमुळेच. अन्यथा 'गोळ्या चुकविल्या असतील' एवढ्यावर प्रकरण मिटले असते. संशोधक तेथे थांबले नाहीत. त्यांनी उंदरांना फेनिटोइन व शंखपुष्पी एकत्र देऊन पाहिले. शंखपुष्पीची एकच मात्रा दिली तेव्हा रक्तातील फेनिटोइन घटले नाही, तरी त्याचा झटके रोखण्याचा गुण कमी झाला. अनेक मात्रा दिल्यावर गुण तर घटलाच, पातळीही उतरली. म्हणजे येथे दोन वाटांनी विरोध होत होता : एक निष्कासनाशी वा शोषणाशी संबंधित, दुसरी मेंदूतील परिणामाशी संबंधित. आणखी एक गोष्ट या निबंधात नोंदली आहे, जी उद्धृत करणारे पुष्कळदा गाळतात. एकट्या शंखपुष्पीत झटके रोखण्याचा काही गुण दिसला होता.

ही शेवटची नोंद महत्त्वाची आहे, कारण शंखपुष्पी ही कोणी बाजारात खपविलेली निरर्थक वस्तू नव्हे. चरकसंहितेत अपस्मारावर निदानस्थानात व चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत. चार मेध्य रसायनांत शंखपुष्पीला विशेष मान दिलेला आहे. स्मृती जाणे हा ज्या रोगाचा नावातच अर्थ आहे, त्याला बुद्धी व स्मृती वाढविणारी वनस्पती द्यावी, हा विचार त्या शास्त्राच्या चौकटीत सुसंगत आहे. अडचण वनस्पतीच्या ओळखीपासून सुरू होते. शंखपुष्पी या नावाने देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. उत्तरेत एक, तर आपण जिला विष्णुक्रांता म्हणतो ती दुसरी; दक्षिणेत गोकर्णालाही हे नाव मिळते. मुंबईत तपासलेल्या पातळ औषधात तर शंखपुष्पीखेरीज जटामांसी, ब्राह्मी आदी घटकही होते. त्यामुळे त्या निबंधातून 'शंखपुष्पी फेनिटोइनला मारते' असा सरसकट सिद्धान्त काढणे अप्रस्तुत ठरेल. एका विशिष्ट मिश्रणाबाबत सावधगिरीचा इशारा एवढेच त्यातून निघते, आणि तेवढे पुरेसे आहे. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये वनौषधी व आधुनिक औषधे यांच्या आंतरक्रियांचा जो आढावा आला, त्यात या मुंबईच्या निरीक्षणाला स्थान मिळाले.

फेनिटोइन डॉक्टरच्या सल्ल्याने घेतले जाते. शंखपुष्पीची बाटली परीक्षेच्या दिवसांत कोणीही दुकानातून आणतो. ती 'औषध' म्हणून गणलीच जात नसल्याने डॉक्टरपुढे तिचा उच्चार होत नाही.

लपविलेला आजार

येथवर रसायनशास्त्र झाले. परंतु आंतरक्रिया न कळण्याचे एक कारण समाजव्यवहारात आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घेतली पाहिजे. फेफरे, आकडी, घुरे, फिट अशी या आजाराला अनेक नावे आहेत. ती मोठ्याने उच्चारली मात्र जात नाहीत. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहास बाधक ठरणारा भाग, वेडेपणाच्या झटक्यांच्या पंक्तीस, घालण्यात आला. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळला गेला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अपस्मार हा असाध्य रोग वा मनोविकार नसून घटस्फोटाचे कारण होऊ शकत नाही, असे म्हटले. कायद्यातून शब्द गेला. लग्न जुळविताना तो लपविण्याची रीत मात्र अद्याप गेलेली नाही.

लपविलेल्या आजाराची गोळीही लपविली जाते. सासरी नव्याने आलेली मुलगी कुटुंबनियोजनाची गोळी आरोग्यसेविकेकडून घेते, तेव्हा सासूसमोर फिटच्या गोळीचे नाव ती कसे घेणार? फेनिटोइन, फिनोबार्बिटोन व कार्बामाझेपिन ही तिन्ही औषधे गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरकांचे निष्कासन वाढवतात. गोळी घेत असूनही दिवस जाऊ शकतात. उलट, लॅमोट्रिजिन घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनची पातळी सुमारे निम्म्यावर येऊ शकते, आणि वर्षभर न आलेला झटका सासरच्या अंगणात येतो. या जोड्यांविषयी पाठ्यपुस्तकांत पुरेसे लिहिले गेले आहे. विचारणारे व सांगणारे एका खोलीत एकांतात भेटणे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या कक्षेबाहेरची आहे.

कुरकुंभच्या संदर्भात

कारखान्याच्या आतल्या जगात अचूकतेचा आग्रह फार कडक असतो. गोळीत मूळ द्रव्य किती, ओलावा किती, किती वेळात विरघळते, हे प्रत्येक उत्पादन-गटाचे तपासले जाते. या आग्रहामागेही अपस्माराच्या औषधाचा एक धडा आहे. तो निष्कासनाचा नसून शोषणाचा आहे, तरी येथे सांगण्याजोगा आहे. १९६८ नंतर ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे फेनिटोइन घेणाऱ्या अनेक रुग्णांत एकाएकी विषबाधेची लक्षणे दिसू लागली. मात्रा बदललेली नव्हती, मूळ द्रव्यही तेच होते. शोध घेता आढळले की उत्पादकाने कॅप्सूलमधील भरणाद्रव्य कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज केले होते. कॅल्शियम सल्फेट फेनिटोइनचा काही भाग शोषू देत नसे. लॅक्टोजने तो अडथळा दूर केला आणि रक्तातील पातळी चढली. १९७० मध्ये हे प्रसिद्ध झाले. 'निष्क्रिय' मानलेला पदार्थही निष्क्रिय नसतो, हे औषधनिर्मितीला यातून कळले. स्वस्त म्हणून एका कंपनीची फेनिटोइनची गोळी सोडून दुसरीची घेताना डॉक्टरांना कळवावे, असे जे सांगतात, त्याचे मूळ येथे आहे.

गोळी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली की मोजमापाचा हा आग्रह संपतो. कुरकुंभ-दौंड परिसरातील रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्र, दौंडचे सरकारी रुग्णालय, खासगी दवाखाना, वैद्य आणि औषधाचे दुकान अशा पाच दारी जातो, आणि प्रत्येक दारी स्वतंत्र कागद होतो. वसाहतीत कामासाठी बाहेरगावाहून आलेल्या कंत्राटी कामगाराचे जुने कागद तर गावीच राहिलेले असतात. रात्रपाळीने झोप मोडते, झोप मोडल्याने झटके वाढू शकतात, आणि ते पातळी उतरल्यामुळे आले की जागरणामुळे, याचा निवाडा रक्त मोजल्याशिवाय होत नाही. केस पेपरवर 'इतर औषधे' असा एक रकाना असावा आणि त्यात काढे, चूर्णे, सिरप, क्षयाच्या व कुटुंबनियोजनाच्या गोळ्या नावानिशी लिहाव्यात, एवढी सुधारणा बिनखर्चाची आहे. प्रस्तुत लेखकास ती कोणत्याही यंत्राहून अधिक उपयोगी वाटते.

रक्त मोजण्याची वेळ आलीच, तर नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. तो सकाळची गोळी घेण्यापूर्वी काढलेला असावा असा संकेत आहे, म्हणजे दिवसातील सर्वांत खालची पातळी कळते. पहाटे कुरकुंभच्या फाट्यावर एसटीची वाट पाहणारा रुग्ण मात्र वाटेत फिट येऊ नये म्हणून गोळी घेऊनच निघतो. फेनिटोइन सावकाश निघून जाणारे असल्याने त्याच्या आकड्यात यामुळे फारसा फरक पडत नाही; कार्बामाझेपिन व व्हॅल्प्रोएटच्या आकड्यात पडतो, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली हे नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसेल, तर तो आकडा वाचणाऱ्या डॉक्टरला पातळी पुरेशी असल्याचा भास होतो.